मिशीवाल्या शिंपीमास्तरांचा मास्क

मी नाकातोंडावर बसणारा एक पारदर्शक मास्क बोलतोय. माझी पिशवी फुटली ती किरणोपचाराच्या खोलीत. समोर होते एक निवृत्त शिंपीमास्तर आणि त्यांच्या ओठावर ऐसपैस पसरलेली मिशी.

मास्तरांच्या मूत्राशयात गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "गाठीच्या आत प्राणवायू कमी पोहोचतो. अशा गुदमरलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. म्हणून किरणांच्या आधी थोडा वेळ आणि किरण चालू असताना यातून प्राणवायू घ्यायचा. मास्क मात्र घट्ट बसायला हवा."

"म्हणजे आधी गाठीला खाऊपिऊ घालायचं आणि मग बडवायचं?"

"अगदी तसंच!"

तालमीच्या दिवशी मी डावीकडे टेकलो की उजवीकडून फुस्स, उजवीकडे टेकलो की डावीकडून. मध्येच अशी शिट्टी वाजली की मशीनवरच्या ताई धावत आल्या.

"काका, मिशी काढावी लागेल."

"लग्नाच्या आधीपासूनची आहे हो ती!"

"माहितीये," सोबत आलेल्या त्यांच्या बायको, काकू म्हणाल्या. "आजवर सवत म्हणून नांदवलीय. आता निकाल लावा तिचा."

दुसऱ्या दिवशी मास्तर दोन्ही टोकं कातरून आले. तरी फुस्स! "अजून दोन सूत कमी करू?" ते घासाघीस करू लागले. ताईंनी वस्तरा पुढे केला.

मास्तर आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. काकू आधी पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या. मास्तरांचा उघडा ओठ थरथरत होता.

"अहो, घाबरलात?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला कसं नाही कळलं?"

"मिशीखाली होतं सगळं."

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला. ताईंनी मला बसवलं. आता फुस्स नाही की शिट्टी नाही. पुढचे वीस दिवस मी त्या माणसाचा एकही श्वास वाया जाऊ दिला नाही.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी मला ताईंकडून मागून घेऊन घरी आणलं. तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी झाली. घरी येताच काकूंनी दारातूनच शेजारणीला ओरडून सांगितलं, "गाठ दिसत नाहीये!"

हल्ली मी शिलाई मशीनवर असतो, उताणा, बटणांनी भरलेला. मास्तर पुन्हा नातीचे फ्रॉक शिवतात. माझी काही तक्रार नाही. एवढंच सांगा त्यांना, माझ्यात सुया ठेवू नका. फार गुदगुल्या होतात.