आनंदीचं मत

शिरोड्याच्या त्या काजू कारखान्यात दुपारी डबे उघडले की पहिला घास तोंडात जायच्या आधी ‘रूप तुझे नवे’चा विषय निघायचा. मालिका दाखवायचे रात्री, पण तिचा निवाडा व्हायचा इथे, सोललेल्या गरांच्या ढिगांभोवती. मुंबईत भागीदारीत बडं इस्पितळ चालवणारे दोन प्लास्टिक सर्जन, डॉक्टर इरावती आणि डॉक्टर समर, यांची ती गोष्ट. कुणाचं नाक सरळ करायचं, कुणाचा ओठ शिवायचा, आणि उरलेल्या वेळात एकमेकांकडे बघत राहायचं.

आनंदीने पहिल्या दिवसापासून एकही भाग सोडला नव्हता. वीज गेली तर ती मुलीच्या, भक्तीच्या मोबाईलवर डोळे बारीक करून बघायची. आणि तिला मतं होती. समरची आई पहिल्या महिन्यात पायऱ्यांवरून पडली ती पुढे कुठे गायब झाली, हे सगळ्या कारखान्यात एकट्या आनंदीने विचारलं होतं.

तिच्या डाव्या गालावरून गळ्यापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. लग्नाआधी, धामापूरला माहेरी असताना स्टोव्हचा भडका उडाला होता. तेव्हा गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन दोन ऑपरेशनं केली, जेवढं जमलं तेवढं झालं, आणि मग ती उठून कामाला लागली. इतक्या वर्षांत कारखान्यात त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. मालिकेत स्वरा नावाची भाजलेली मुलगी आली आणि सगळं बिघडलं.

“आनंदी, काल बघलंस मा?” सुभद्रा म्हणाली. “त्या चेडवाची पट्टी सोडल्यानी तर तोंड कसा लख्ख! डागसुदीक नाय.”

“बघलंय.”

“मग तू पण एकदा मुंबैक जावन दाखवन ये गो,” लक्ष्मीने री ओढली. “आता काय काय निघाला आसा.”

“ता ऱ्हवां दी. इरावतीन राजीनामो कित्याक दिल्यान, ता सांग आधी. ऑपरेशनात चूक समरची. त्या पेशंटाची नस तेच्या हातान कापली गेली. आणि हॉस्पिटल सोडल्यान हिणा?”

पण कोणाचं लक्ष इरावतीकडे नव्हतं. सगळ्या जणी तिच्या गालाकडे बघत होत्या, एखादं जुनं घर रंगवायला काढल्यासारख्या. आनंदीने सोलकढी एका दमात संपवली आणि भांडं आपटून ठेवलं.

अशात एके दिवशी अनुजा, मालकाची सून, लगबगीने आत आली. ती पुण्याची, बोलायची गोड. “आनंदीताई, चॅनेलची माणसं येताहेत आपल्याकडे. प्रेक्षकांची मतं घेणार आहेत. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं हं.”

आनंदीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या बायकांत अनुजाने तिला हेरलं होतं. मालिकेतलं सगळं तिला माहीत आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. कोळंबी सोलताना, कपडे वाळत घालताना ती शुद्ध मराठीत वाक्यं घोकू लागली. ‘माझ्या मते लेखकाने डॉक्टर इरावतीवर अन्याय केला आहे.’ तिचा नवरा गुरुदास रिक्षा धूत होता. त्याने विचारलं, “कोणावांगडा बोलतंस?”

“तुका कळाचा नाय,” ती म्हणाली. गुरुदास मालिकांच्या वाटेला जात नसे.

ठरल्या दिवशी कारखान्याच्या अंगणात मांडव घातला. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मितेश नावाचा तरतरीत मुलगा माइक घेऊन फिरत होता. त्याने सुभद्राला विचारलं, डॉक्टर समर का आवडतो? लक्ष्मीला विचारलं, पुढे काय व्हावंसं वाटतं? दोघींनी लाजतमुरडत उत्तरं दिली आणि त्याने मान डोलावली.

मग तो आनंदीकडे आला. त्याने खूण करताच दिवा तिच्या डाव्या बाजूला सरकवला गेला.

“ताई, जरा उजवीकडे वळा. हं, अस्सं. स्वराच्या चेहऱ्यावरची पट्टी सुटली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“पट्टीचं ठीक आहे,” आनंदीने घसा साफ केला. “माझ्या मते लेखकाने डॉक्टर इरावतीवर अन्याय केला आहे. चूक समरची आहे. तो मोठा दिसावा म्हणून एवढ्या हुशार बाईला...”

“छान, छान. पण आपण स्वराबद्दल बोलूया. मनातलं बोला.”

“हे मनातलंच आहे.”

मागे बायका खसखसल्या. मितेशही हसला, पण माइक त्याने हलवला नाही. “ताई, तुमच्याबरोबर असं झालं तो दिवस आठवा. आणि मग सांगा, ही मालिका बघून तुम्हालाही आशा वाटते ना?”

“मला समरच्या आईचं विचारायचं होतं.”

“ते नंतर घेऊ.”

पुन्हा दिवा, पुन्हा तोच प्रश्न. दर वेळी आनंदी इरावतीवर आली की कोणी तरी ‘कट’ म्हणे. उकाडा मरणाचा. दिव्याने डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने टिपलं, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस एकदम म्हणाला, “मिळालं!” माइक लगेच दुसरीकडे गेला. समरच्या आईचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या आठवड्यात ते टीव्हीवर आलं. सुभद्राचं वाक्य सबंध होतं, लक्ष्मीचंही. शेवटी आनंदी दिसली. डावा गाल, पदर, डोळे. मागे व्हायोलिन रडत होतं आणि खाली अक्षरं आली: ‘तिलाही हवा आहे नवा चेहरा.’ तिचा एक शब्दही नव्हता.

“आई, तू असा म्हटलंस?” भक्तीने विचारलं.

“मी खंय म्हटलंय! तोंड उघडूक दिल्यानी काय माका?”

रागाने तिला जेवण जाईना. तिने भक्तीला बसवून चॅनेलच्या फेसबुक पानावर आपलं सगळं मत लिहून घेतलं, इरावतीपासून आईपर्यंत. सकाळपर्यंत त्याखाली जोडलेले हात आणि लाल बदाम येऊन पडले. ‘काकी, तुमच्या धैर्याला सलाम.’ ‘खचून जाऊ नका.’ एकाने तरी म्हणावं की तुमचं चूक आहे! तेही नाही. बाजारात मासे घ्यायला गेली तर ओळख ना पाळख अशा कोळणीने चार बांगडे जास्तीचे टाकले. “बाये, देव तुझा बरा करतलो.” आनंदीला ते परत टोपलीत टाकावेसे वाटले. टाकले नाहीत, बांगडे ताजे होते, पण घरापर्यंत ती धुमसत आली.

त्यानंतर एका दुपारी अनुजा मोबाईल उंच धरून धावतच आली. “आनंदीताई, मितेशचा फोन! किती मोठी बातमी आहे!” तिने आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

एका इस्पितळाशी बोलणं झालं होतं. आनंदीवर फुकट शस्त्रक्रिया होणार होती. मुंबईला जाणं, राहणं, सगळं चॅनेलकडून. कॅमेरा बरोबर असेल, आणि पट्टी सुटेल ती खास भागात. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुभद्राच्या डोळ्यांत पाणी आलं.

आनंदीने काजूचा चीक लागलेले हात पदराला पुसले. “माझं मत कधी दाखवणार?”

“कुठलं मत, ताई?”

“मी त्या दिवशी सांगितलेलं. इरावतीचं.”

“ताई, मी तुमच्या आयुष्याबद्दल बोलतोय.”

“मला तुम्ही मत द्यायला बोलावलं होतं. माझ्या गालाबद्दल मी तुम्हाला काही विचारलं होतं का? मला नको ते ऑपरेशन. ठेवते.”

तिने चिकाने काळ्या पडलेल्या बोटाने फोन बंद केला. अनुजाचा चेहरा पडला. बायका सगळ्या एकदम बोलू लागल्या.

“फुकट गावता आणि नको म्हणता!” लक्ष्मी म्हणाली. “माज आसा, दुसरा काय!”

“त्या पोरग्याचा तोंड मोडलंस तू,” सुभद्राही म्हणाली. “आमका तरी विचारूचा.”

त्या दिवशी तिच्या डब्यात कोणी हात घातला नाही, की स्वतःचं कालवण पुढे केलं नाही.

बातमी तिच्या आधी रिक्षा स्टँडवर पोहोचली होती. संध्याकाळी गुरुदास घुटमळत आत आला. “आनंदी, बघूक काय हरकत? फुकट आसा म्हणतत.”

हेच राहिलं होतं. ती विळीवरून उठली. “बांबोळीक माका काय केल्यानी, ठावक आसा तुका? मांडयेचा कातडा काढून गालार लावल्यानी. महिनोभर मी धड निजाक नाय. टीव्हीत पट्टी सोडतत आणि चेडू हसता. आता परत ता सगळा करू? कॅमेऱ्यासमोर? तुका माझ्या तोंडाचो त्रास होता काय? होता तर सांग.”

“माका?” गुरुदास गोंधळला. “माका खंय दिसता ता आता.”

“मग कोणासाठी करू?”

तो शर्ट खुंटीला लावून मागच्या पडवीत जाऊन बसला. आनंदीने मासळीला कोकमाचं आगळ लावलं, तिरफळं ठेचली, भांडी घासली ती गरजेपेक्षा जोरात. आज मालिका बघायचीच नाही, असं तिने ठरवलं होतं. पण वेळ झाली तशी तिचे पाय आपोआप बाहेरच्या खोलीत गेले. इरावती राजीनामा परत घेते का, ते कळायला हवं होतं.

ती बसते न बसते तोच गुरुदास येऊन शेजारी टेकला.

“ही कोण?”

“इरावती. गप ऱ्हव.”

“आणि ह्यो तिचो घोव?”

“घोव नाय तो. समर. तेच्या हातान चूक झाली आणि राजीनामो हिणा दिल्यान. आयकू दी.”

पडद्यावर इरावती खिडकीत उभी राहून एकटीच बोलत होती. मग जाहिराती लागल्या.

“माका विचारशीत तर,” गुरुदास म्हणाला, “तिणा बरोबर केल्यान. समराक काढल्यानी असतो तर हॉस्पिटल बंद पडला असता. तेच्या बापाशीचा मा ता?”

“बापाशीचा?” आनंदी गर्रकन वळली. “बापूस खंयसून इलो? हॉस्पिटल दोघांचा आसा! एक दिवस बघलंस आणि शिकवूक लागलंस?”

“मग दोघांचा तर तिणा सोडल्यान कित्याक?”

“ताच तर मी कवापासून सांगतंय! कोण आयकता?”

“मी आयकतंय मा. पण तुझा माका पटणा नाय.”

“पटणा नाय? थांब, आता पयल्यापासून सांगतंय.” तिने पाय वर घेतले आणि मांडी ठोकली. जाहिराती संपल्या, मालिका सुरू झाली, तरी दोघांचा आवाज कमी होईना. शेवटी भक्तीनेच आतून ओरडून सांगितलं की टीव्ही तरी बंद करा, नाहीतर तुम्ही गप्प बसा.