ठराव आधी की भात आधी

आमच्या गावात ग्रामसभेचा जुना रिवाज आहे: ठराव आधी, जेवण मग. घरटी ओंजळ-दोन ओंजळ तांदूळ जमा होतो, शाळेमागच्या मोहाखाली हंडा चढतो, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत झाकण उघडत नाही. एक जरी माणूस 'नाई' म्हणाला, तर ठरावही नाही आणि भातही नाही. त्यामुळे आमच्याकडे ठराव भराभर होतात. अख्ख्या कोरची तालुक्यात आमच्या एकीचं नाव आहे. त्या एकीत मन किती आणि भात किती, हे मी सचिव असूनही वहीत कधी लिहिलं नाही. बारावी शिकले म्हणून सचिव केलं, इतकंही खरं लिहायला नको.

तर तो मोह माझ्या सासूचा. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत ठरलेली असतात. हे झाड तिच्या सासूनं तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हात धरून दाखवलं होतं. चैतात पहाटे ती इथंच फुलं वेचते, आणि सासऱ्यांशी भांडली की इथंच येऊन बसते. मी लग्न होऊन आल्यापासून मीही बसते. कधी कधी दोघींना एकाच वेळी यावं लागतं, मग सरकून जागा करून घेतो.

मागच्या माघात ग्रामसभेचे अध्यक्ष डोमाभाऊ यांच्या डोक्यात आलं की हिरड्याचं गोदाम बांधायचं, आणि ते याच झाडाच्या जागी. बोडीजवळ, म्हणजे गावच्या लहान तळ्याजवळ, पडीक जमीन ओस पडली होती, ती त्यांना दिसेना. कारण विचारलं तर खेकसायचे. दिवाळीपासून हा माणूस सगळ्यांवरच खेकसत होता. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या लालसूबाबाला रामराम-जोहार बंद केला, शाळेतल्या पोरांचा चेंडू जप्त केला, आणि एकदा तर स्वतःच्या कोंबड्याला 'वेळ समजते का तुले?' म्हणून झापताना मी या कानांनी ऐकलं.

सभेच्या आदल्या दिवशी सासू चुलीपुढं बसून म्हणाली, "निशा, भुकेला मानूस कोनाचं आयकत नाई. यावेळी मी आधी जेवू घालतो. पोट भरलं की मानूस मऊ होते. मंग कोन झाड तोडते ते पायतो."

मला ते पटलं. आजही लिहिताना माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

तिनं स्वतःचे दोन कोंबडे कापले. लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी, भाताचा तर डोंगर. लोकांना आधी विश्वासच बसेना, मग बसला तो उठेना. लालसूबाबानं चौथ्यांदा भात घेतला आणि पाचव्यांदा फक्त रस्सा, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रस्शाला पोटात जागा लागत नाही. एकटे डोमाभाऊ जेवले नाहीत. खुर्चीवर ताठ बसून बाटलीतलं पाणी पीत राहिले.

मग सभा सुरू झाली. माणसं मऊ झाली होती यात वाद नाही. इतकी मऊ, की कोणी काहीही म्हणावं आणि त्यांनी हो म्हणावं. डोमाभाऊंनी ठराव वाचला: मोहाचं झाड तोडून गोदाम बांधणे. मंजूर? एक लांब ढेकर आला आणि मागोमाग 'हो'. डोमाभाऊंनी नावं घेऊन विचारलं. हो, हो, हो. शेवटी, "धुरपताबाई, मंजूर का?" माझी सासू शाळेच्या पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. तिची मान तीनदा खाली गेली. आमच्या वहीत होकार असाच धरतात. आणि मी तिला कोपर का मारलं नाही, तर माझ्या वहीतली त्या दिवशीची शेवटची ओळ पानावरून खाली घसरत गेली आहे, ती पाहा म्हणजे कळेल.

चार वाजता सासूला जाग आली. मी ठराव वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला, मग पदर तोंडाला लावला. "माझ्या मानेनंच माझं झाड खाल्लं," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. आठ दिवसांनी जेसीबी येणार होता. ठराव फिरवायचा तर पुन्हा सगळ्यांचं एकमत हवं, आणि त्यात डोमाभाऊ आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पदर खोचून त्यांच्या घरी भांडायला निघाली. मी साक्षीला. अंगणात त्यांची बायको मीराबाई भेटली. मागच्या पडवीत डोमाभाऊ भिंतीकडं तोंड करून जेवत होते. ताटात उकडलेला दुधी. बाकी काही नाही, मीठसुद्धा नाही.

"काऊन गं असा बसवला?" सासूनं विचारलं.

मीराबाईला रडूच फुटलं. "दिवाळीत साखर निघाली बाई त्याहीले. आमचं पाहून जीव जाते त्याहीचा, म्हणून आमी आधी जेवून घेतो. मंग ते एकटेच बसते. चार महिने झाले, कोनाच्या पंगतीत गेले नाई."

"नर्सबाईनं का सांगितलं होतं?"

"भात थोडा, गोड बंद."

"चव बंद कोन सांगितली?"

मीराबाईनं भीतीपोटी तिखट, मीठ, आंबट सगळंच बंद करून टाकलं होतं. न जाणो, कशात साखर लपली असेल. सासू भिंतीकडं वळलेल्या त्या पाठीकडं पाहत राहिली. भांडण तिच्या तोंडापर्यंत आलेलं मी पाहिलं होतं. ते ती गिळून घरी आली आणि वाटेत म्हणाली, "मानूस वाईट नाई, उपाशी हाय."

सहाव्या दिवशी आम्ही पुन्हा सभा बोलावली. या वेळी नर्सबाईंना विचारून रांधलं: अंबाडीच्या आंबट पाल्यातली मासोळी, सुकवलेल्या बांबूच्या कोंबांची भाजी, लाल मुंग्यांची चटणी, आणि कुटकीचा, म्हणजे वरीसारख्या भरड धान्याचा, भात मोजून मुठीएवढा. सगळ्यांना तेच, तेवढंच. डोमाभाऊंची खुर्ची आम्ही लपवून ठेवली होती, म्हणून त्यांना पंगतीत मधोमध बसावं लागलं.

त्यांनी चटणीचं बोट चाटलं आणि डोळे मिटले. मग मासोळी घेतली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते मुंग्यांचं असेल असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"सावली चांगली हाय इथी," मासोळीचे काटे बाजूला ठेवत ते म्हणाले. "हे झाड गेलं तं पंगत कुठी बसन? गोदाम बोडीजवळ न्या."

झालं, असं मला वाटलं. पण मुठीएवढ्या भातावर बसलेलं गाव आता खवळलेलं होतं. "काऊन?" लालसूबाबा गरजले. "ठराव झाला म्हंजे झाला! आन् भात कुठी हाय?" दुसऱ्यानं री ओढली. सहा दिवसांपूर्वी ज्यांनी ढेकर देऊन झाड तोडलं, ते आता उपाशीपोटी नियम सांगत होते. सासूनं कपाळावर हात मारला.

डोमाभाऊ हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. "थांबा हो बाबा," ते म्हणाले आणि लालसूबाबाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "धुरपताबाई, याहीले याहीचा भात वाढा. पन अर्धाच. पुरा वाढला तं झोपन."

सासूनं बाजूला झाकून ठेवलेला हंडा उघडला. अर्ध्या भातावर बाकीचे हो म्हणाले, लालसूबाबा अर्धे हो म्हणाले, आणि तेवढं मला पुरलं. झाड राहिलं.

मी वही मिटणार, तोच मीराबाई उठली. सभेत ती कधी बोलत नाही. "आनखी एक लिव," ती म्हणाली. "आमच्या घरी आता कोनी एकटं जेवनार नाई."

"घरीच काऊन? गावात लिव," सासू म्हणाली.

मी लिहिलं. सगळे हो म्हणाले. अध्यक्षांचं तोंड मासोळीनं भरलं होतं, म्हणून त्यांचा होकार मानेवरून धरला.