घरातली गाडी

सुनीलने अकरा वर्षं दुसऱ्याचा ट्रेलर चालवला. न्हावाशेवा बंदरातून लोखंडाचे पत्रे भरायचे, कसारा घाट चढायचा आणि अंबडच्या नाहीतर सिन्नरच्या कारखान्यात उतरवायचे. १९९८ साली त्यानं मनाशी ठरवलं, आता गाडी आपली स्वतःची. नवी घेण्याची ऐपत नव्हती. जुनीच घ्यायची, पण भरवशाची.

त्याची बायको छाया मखमलाबादच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता एकेका गाडीची कुंडली ऐकायची. गाडी बघायला जाताना सुनील निवृत्ती मिस्त्रींना सोबत न्यायचा. मिस्त्री म्हातारे, पण कान तिखट. गाडी सकाळी, थंड असतानाच बघायची, हा त्यांचा नियम. मालकानं आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर हा काहीतरी लपवतोय असं समजायचं. पहिली गाडी काळा धूर ओकत होती. दुसरीचे कागद भलत्याच्याच नावावर निघाले. तिसरी सुनीलला फार आवडली होती, पण मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढली, तेल बोटांवर चोळलं आणि ‘इंजिन संपलंय’ म्हणत चहाच्या टपरीकडे चालू लागले.

सुनील हिरमुसला होता. तेवढ्यात आडगावहून छायाच्या भावाचा, कुंदनचा, निरोप आला. ‘बाहेर कशाला फिरता दाजी? माझाच ट्रेलर घ्या. मला आता बसच्या धंद्यात पडायचंय.’

सुनील घरी आला तो नाचतच. “घरातली गाडी हाय छाया! आता मिस्त्री नको नि काय नको.”

छायाच्या हातातली जुडी सुटली.

तिला तो ट्रेलर माहीत होता. चैत्रात आई आजारी पडली म्हणून ती चार दिवस माहेरी गेली होती. त्याच दिवसांत इगतपुरीजवळ कुंदनचा ट्रेलर भरल्या मालासकट मधोमध खचला होता. ओढत आणलेली गाडी अंगणात उभी होती आणि वेल्डिंगवाला दोन दिवस तिच्या पोटाखाली झोपून तुटलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, जोडत होता. छाया त्याला चहा द्यायला गेली तेव्हा तो म्हणाला होता, “बाई, रिकामी फिरवली तर चालंल. लोखंड भरून घाटात घातली तर मी जबाबदार नाय.” त्यानंतर त्या जोडावर काळा रंग बसला. कुंदन सगळ्यांना म्हणाला, घरातली गोष्ट घरात राहू द्या.

आता ती सुनीलला लगेच का सांगत नव्हती, हे कळायला त्या दोन घरांची सोयरीक कळायला हवी. छाया दिली होती सुनीलला आणि सुनीलची बहीण भाग्यश्री दिली होती कुंदनला. साटंलोटं. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागलेली. दोघं पुरुष एकमेकांना दाजीच म्हणत. आडगावात कुंदनचा आवाज चढला की दोन दिवसांत मखमलाबादला छायाच्या सासूचा चढायचा. एका सुनेला दुखवलं की दुसरीला दुखवायचं, असा न बोललेला हिशेब होता, आणि तो नेहमी बायकांच्याच अंगावर फिटायचा.

दुसऱ्या दिवशी भाजी देऊन येताना ती एसटीडी बूथमध्ये शिरली. “दादा, त्यांना चासीचं सांग. नाहीतर गाडी देऊ नको.”

पलीकडून कुंदन अगदी शांतपणे म्हणाला, “तू सांग ना. सांगितलंस तर त्याच दिवशी भाग्यश्री दोन्ही पोरांसकट तुमच्या दारात उभी राहील. मग तुझी सासू तुला कुठं उभी करते ते बघ. आणि इकडं येऊ नको. आई तुला घरात घेणार नाय.”

बूथच्या काचेतून तिला नेहमीचा रस्ता दिसत होता, टेम्पो, सायकली, भाजीच्या गोणी. दार ढकलून बाहेर पडायचं एवढंच होतं, पण तिला ते जमेना. मागचा माणूस काचेवर नाणं वाजवू लागला तेव्हा कुठं ती निघाली.

रात्री सुनीलला आणि पोरांना वाढताना ती सहज बोलावं तशी म्हणाली, “मिस्त्रीमामांना एकदा दाखवून घ्या की.”

“तुझ्या सख्ख्या भावाची गाडी, आणि मिस्त्रीला दाखवू? दाजींना काय वाटंल?”

तिनं तीनदा हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सुचवलं. शेवटी सुनील वैतागला, पण रविवारी ताबा घ्यायला जाताना त्यानं छायाबरोबर मिस्त्रींनाही पेढे खायला म्हणून सोबत घेतलं. विसार आधीच देऊन झाला होता. छाया आठ दिवस नीट जेवली नव्हती. सुनीलला वाटलं, बायकोला आनंदानं सुचत नाहीये.

आडगावच्या अंगणात ट्रेलर नवरीसारखा सजवून उभा होता. झेंडूचा हार, काचेवर ओम, चाकांना काळी चकाकी. मिस्त्रींनी इंजिन ऐकलं आणि मान डोलावली. इंजिन खरंच चांगलं होतं. कुंदन त्यांना हाताला धरून खुर्चीकडे नेऊ लागला. “बसा हो मामा, आज काम नाय. आज फक्त गोड खायचं.”

भाग्यश्री ओवाळायचं ताट घेऊन आली. गाडीवर स्वस्तिक काढायचा मान छायाचा, कारण ती देणाऱ्याची बहीण आणि घेणाऱ्याची बायको. ताट हातात घेताना दोघींची नजर भेटली, आणि छायाला कळलं की हिलाही माहीत आहे. अर्थात माहीत असणार. वेल्डिंगवाला हिच्याच अंगणात झोपला होता. भाग्यश्रीनं डोळे खाली घातले आणि पदराचं टोक पिळत राहिली. तिचा सख्खा भाऊ त्या गाडीत चढून, खिडकीतून हात बाहेर काढून हसत होता.

छायानं बोट कुंकवात बुडवलं. समोरच्या पत्र्याजवळ गेली. तिथं थांबली नाही. केबिनला वळसा घालून मागे गेली, खाली वाकली आणि काळ्या रंगावर, जिथं जोड होता तिथं, बोट टेकवलं.

“मामा,” ती म्हणाली, “इथला रंग खरवडून बघा.”

मिस्त्री उठले. खिशातला पाना काढून त्यांनी दोन-चारदा घासलं, मग गुडघ्यावर बसून खूप वेळ बघितलं. “सुनील, खाली उतर,” ते म्हणाले. “लोखंड भरून घाटात घातलीस तर ह्या गाडीचे दोन तुकडे होतील.”

कुंदन ओरडला नाही. त्यानं हार ओढून काढला आणि भाग्यश्रीला म्हणाला, “कपडे भर.” छायाची आई विमलाबाई ओट्यावर होती. ती लेकीकडं न बघता म्हणाली, “भावाला चारचौघांत नागडं केलंस. आता ह्या उंबऱ्याला पाय लावू नको.”

परतीच्या टेम्पोत छाया, सुनील, भाग्यश्री, तिची दोन मुलं आणि एक पत्र्याची पेटी होती. दारात उतरताना सुनील म्हणाला, “आठ दिवस. आठ दिवस माझ्या ताटात वाढत होतीस, आणि तुला माहीत होतं.”

भाग्यश्रीला घर सोडावं लागू नये म्हणून थांबले, हे तिला भाग्यश्रीच्या समोर सांगता येईना.

सासूनं लेकीला मधल्या खोलीत घेतलं. छायाचं अंथरूण स्वयंपाकघरात गेलं. सासू घालवून देणार म्हणत होती, पण सुनीलनं तेवढं होऊ दिलं नाही. “तिनं जीव वाचवला माझा,” तो आईला म्हणाला. छायाला मात्र ते त्यानं कधी तोंडावर म्हटलं नाही. श्रावणात त्यानं मालेगावहून एक ट्रेलर घेतला, मिस्त्रींनी तीन सकाळी तपासलेला. गाडी चांगली निघाली. तो घाटात गेला की छाया त्याच्या येण्याची वेळ मोजत बसे, आणि तो आल्यावर पाणी देई.

दिवाळीनंतर पंच बसले आणि भाग्यश्रीचं परत जायचं ठरलं. निघायच्या सकाळी ती स्वयंपाकघरात आली. “मी पण बोलले नाय, वहिनी,” ती म्हणाली. “माझा भाऊ असून.”

“तुझी पोरं होती.”

“तुमची पण आहेत की.”

मग छायानं कितीतरी दिवस मनात असलेलं विचारलं. “दादानं तो ट्रेलर विकला म्हणतात. कुणाला?”

“धुळ्याकडचा कुणी आहे. पहिलीच गाडी म्हणे त्याची.”

“त्याचं नाव, गाव कळंल का? एक कार्ड टाकीन मी. माझं नाव घालणार नाय.”

भाग्यश्रीनं धाकट्याच्या शर्टाची गुंडी लावली. गुंडी सुटली, तशी पुन्हा लावली. बाहेर कुंदनची जीप येऊन हॉर्न वाजवत होती.

“मला त्या घरात राहायचंय, वहिनी,” ती म्हणाली.

छायानं पुन्हा विचारलं नाही. पेटीची एक कडी तिनं धरली, दुसरी भाग्यश्रीनं, आणि दोघींनी मिळून ती दारापर्यंत नेली.