लागत नाही

ठमाबाईंचा डावा हात मनगटाच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात होता आणि त्या सरिताला भाताच्या आवणीबद्दल सांगत होत्या. चिखलात उभं राहून पाठ कशी धरते, सून कशी हळू रोप लावते आणि बोलते मात्र भराभर, वगैरे. आवाज सरळ, चेहराही सरळ. फक्त टेबलावरच्या कागदावर आलेखाची सुई वेड्यासारखी वर चढत होती.

सरिता एकदा सुईकडे बघे, एकदा बाईंकडे. हे दोन्ही एकाच माणसाचं चाललंय यावर तिचा विश्वास बसेना. शेवटी ठरलेली वेळ संपली तेव्हा तिनंच त्यांचा हात धरून बाहेर काढला आणि पंच्यात गुंडाळला. हात लालभडक झाला होता.

"लागलं का मावशी?"

"नाय लागत," ठमाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करून उठल्या.

शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं, अशी एक पट्टी कागदावर आखलेली होती. सरितानं शून्यावर फुली मारली. सकाळपासून तिनं दुसरीकडे कुठं फुली मारलीच नव्हती.

ती बायोमेडिकलमध्ये एम.ई. करत होती. नाशकात तेव्हा हा विषय सांगितला की लोक विचारत, म्हणजे डॉक्टर होणार की इंजिनिअर? ती हळूच म्हणे, मधलं काहीतरी. शरीराला काही झालं की ते तोंडाच्या आधी कुठं कुठं बोलतं, ते मोजायचं हे तिचं काम. नाडी पळते. कातडीला डोळ्यांना न दिसणारा घाम येतो, आणि घाम आला की तिच्यातून वीज सहज वाहते. ती वीज टिपणारं यंत्र तिनं स्वतः जोडलं होतं. क्लिपा सातपूरच्या एका वर्कशॉपमधून घासून आणल्या होत्या. रात्री लोडशेडिंग असेल तर पहाटे येऊन काम कर म्हणून गायधनी सरांनी तिला लॅबची किल्ली देऊन ठेवली होती. सर तिचे गाईड. माणूस मायेचा, पण घाईचा.

कॉलेजच्या मुलींचं सरळ होतं. हात घालायच्या, आई गं म्हणायच्या, काढायच्या. सुई चढायची आणि पट्टीवर आठ-नऊ पडायचे. मग सरांनीच सुचवलं, नव्या वसतिगृहाच्या बांधकामावर सुरगाण्याकडच्या बाया आल्यात, त्यांच्यावरही घे. पहिल्या दिवशी त्या बायांच्या तळहातांनी यंत्राला दादच दिली नाही. घट्ट्यांतून काही पोचेना. सरितानं यंत्राच्या क्लिपा पायाच्या आतल्या कमानीवर लावल्या, तेव्हा कुठं सुई हलली. आणि हलली ती अशी.

त्या दुपारी सर बटाटेवड्यांचं पुडकं घेऊन लॅबमध्ये आले. सोमवार होता. सोमवारी सरिता सकाळी कपालेश्वराला जाऊन येई आणि दिवेलागणीनंतरच जेवे. सरांना ते ठाऊक होतं, तरी दर सोमवारी पुडकं पुढं करायची त्यांची रीत होती.

"हिला भूकच लागत नाही," ते म्हणाले. "शरीराला सवय झालीय. तुझ्यावरच घ्यायला हवा एक प्रयोग."

ती हसली. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरांनी कागद पाहिले आणि त्यांचा वडा हातातच राहिला. एवढी शून्यं त्यांनी आजवर पाहिली नव्हती. कष्टकरी स्त्रियांत वेदनेची जाणीवच कमी असते, असा निष्कर्ष निघतो म्हणाले. मुंबईच्या परिषदेत हा निबंध गाजेल. सरितानं सुईकडे बोट केलं. नाडी आणि घाम तर मुलींइतकेच, किंबहुना जास्तच होते. सर म्हणाले, नवी जागा, अंगाला वायरी, घाबरल्या असणार. तेवढं बाद कर.

"अगं, माणूस स्वतःच्या तोंडानं नाही म्हणतोय. मशीनचं ऐकायचं की माणसाचं?"

तिनं शून्यांचे कागद पुन्हा एकदा सुईच्या रेघेशी लावून पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती चहाचा थर्मास घेऊन बांधकामावर गेली. बाया विटांच्या ढिगाच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. ठमाबाईंनी तिला जागा करून दिली, नागलीच्या भाकरीचा तुकडा पुढं केला. बोलता बोलता डॉक्टरांचा विषय निघाला आणि ठमाबाई हसत हसत एक गोष्ट सांगू लागल्या. धाकटा पोरगा झाल्यावर त्या ऑपरेशनच्या शिबिराला गेल्या होत्या. बायांची ही रांग. डॉक्टरनं भुलीची सुई टोचली, ती भिनायची वाट कोण बघतो, लगेच हातात सुरी. नर्सबाई म्हणाली, ह्यांना लागत नाही हो, घ्या उरकून. ठमाबाई वरच्या पत्र्याकडे बघत पडून राहिल्या.

"मग तुम्ही बोलला का नाही?" सरितानं विचारलं.

"बोलून काय? ती म्हणली लागत नाय, त मी म्हणलं, बरं."

बाकीच्या बाया हसल्या. सरितानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मावशी, खरं सांगा. काल बर्फात हात होता, तेव्हा लागत होतं?"

ठमाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकून हे कसं कळत नाही. "लागंल नाय त काय? हाड फुटतं का काय, असं झालं."

"मग नाही का म्हणालात?"

"अगं बाय, तूच सांगलंस, सोसंल तवर ठेवा. मला सोसतं. आन मग तू इचारलं, लागलं का. तुझं तोंड एवढंसं झालेलं. कोणाकडं जेवाया गेलो आन घरधनीण इचारते, मीठ कमी झालं का, त आपण काय सांगतो?"

त्या संध्याकाळी सरिता वाट वाकडी करून कपालेश्वरापुढे बसली. त्या गाभाऱ्यापुढे नंदी नाही. मधे कोणी नाही, म्हणून इथलं बोलणं थेट पोचतं, असं तिची आई म्हणे. पण तिला काही मागायचं नव्हतं. इतके सोमवार आपण ज्याच्यासाठी पाळले, त्याच्यासमोर बसून तिला फक्त एक गोष्ट नीट समजून घ्यायची होती. ती समजली आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं ठमाबाईंचं बोलणं सांगून तो निष्कर्ष नाकारला, तेव्हा सर आधी समजुतीनं बोलले. मग म्हणाले, गप्पांतलं बोलणं प्रबंधात येत नसतं, नोंद शून्याची आहे. मग वैतागले. जूनमध्ये पॉलिटेक्निकची जागा भरायची होती, तिथं त्यांनी स्वतः तिचं नाव सांगून ठेवलं होतं. एका वाक्यापायी ती घालवणार का?

"ते वाक्य छापलं गेलं, सर, की उद्या कुणीतरी त्याच्या आधारानं म्हणेल, ह्यांना लागत नाही, घ्या उरकून." तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "मी ते लिहिणार नाही."

"मग मी सही करणार नाही."

"बरं," सरिता म्हणाली.

शेवटची तारीख आली आणि गेली. बरोबरीच्या मुलांचे प्रबंध काळ्या पुठ्ठ्यात बांधून गेले. पॉलिटेक्निकची जागा दुसऱ्याला मिळाली. आईनं एकदाच विचारलं, देवाच्या कामात हट्ट चालतो, माणसांच्या कामात कसा चालेल? सरिता म्हणाली, मला ही दोन कामं वेगळी दिसत नाहीत. घरात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

वसतिगृहाला रंग लागत आला. पाऊस तोंडावर होता, बाया पेरणी-आवणीसाठी गावाकडे निघणार होत्या. त्या आधीच्या सोमवारी सरितानं पुन्हा बर्फ आणला आणि सरांना यायची विनंती केली. ते आले. रागावलेलं माणूस येतं तसे, दारातच उभे राहिले.

"मावशी," सरिता म्हणाली, "या वेळी सोसायचं नाही. लागलं की हात काढायचा. मला वाईट वाटणार नाही."

ठमाबाईंनी हात घातला. सुई चढली, मागच्या वेळेसारखीच, त्याच वाटेनं. आणि ठमाबाईंनी हात झटकन बाहेर काढून असा झाडला, की पाणी सरांच्या शर्टावर उडालं.

"लागतं," त्या म्हणाल्या. सरिताकडे नव्हे, दाराकडे बघून म्हणाल्या. "लय लागतं. आधी पण लागत होतं."

सर रुमालानं शर्ट टिपत पुढं आले. आधी नाही म्हणाली, आता हो म्हणते, यातलं खरं कुठलं मानायचं, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, पण प्रश्न खराच होता.

"सर, सोमवारी मला भूक लागते," सरिता म्हणाली.

त्यांना आधी कळलंच नाही.

"तुम्ही म्हणता, हिला लागत नाही. लागते, सर. दुपारी तुमच्या पुडक्याचा वास आला की जास्तच लागते. लागते, म्हणून तर तो उपास. जिला भूकच नाही, तिनं न जेवण्यात व्रत कसलं?"

सरांनी सुईच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एका बाईवर संशोधन होत नाही, सरिता."

"हो सर." तिनं दार पूर्ण उघडलं.

बाहेरच्या व्हरांड्यात बाया उभ्या होत्या. अंगावर विटांची धूळ, कासोटे घट्ट. डाव्या हाताच्या बांगड्या प्रत्येकीनं आधीच कोपराकडे सारून ठेवल्या होत्या. पुढची विचारत होती, आज वरडायचं हाय म्हणे, मोठ्यानं का हळू? मागून कोणी म्हणालं, तू हळू कधी बोलली का?

एकेक आत येऊ लागली. लागतं. लागतं गं बाय. टबातलं पाणी फरशीवर सांडत राहिलं. मधेच केव्हातरी सरांनी खुर्ची ओढली, पेन काढलं, आणि प्रत्येक बाई सांगेल तो आकडा ते स्वतः पट्टीवर मांडू लागले.

दिवस कलताना त्यांनी वडे मागवले, सगळ्यांना वाटले. पुडकं सवयीनं सरितासमोर आलं आणि अर्ध्यात थांबलं.

"लागली असेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"लागलीय, सर," ती म्हणाली, आणि यंत्रावर कागदाची नवी गुंडाळी चढवू लागली.