ओढू नका, आधी चाक हलवा

मी एका जुन्या गाडीची किल्ली बोलतेय. वय तेवीस. दात झिजलेत, पण तोरा अजून शाबूत आहे.

मला घडवलं यंत्राने, वळण लावलं ते बाबांनी. बाबा म्हणजे माझे मालक. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच धरलं. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. डिकीत लोखंडी वजनांची पेटी आणि पुढच्या सीटवर पाय हलवत बसलेली ती लेक. सुट्टीच्या दिवशी ती हटकून सोबत यायची. बाबा काट्यात डोकं घालून बसले की मी तिच्या ताब्यात. मला खिडकीच्या काचेवर वाजवत ती मोठमोठ्याने गाणी म्हणायची. किती सुखाचे दिवस होते ते!

आमचा रस्ता उताराचा. म्हणून गाडी लावताना पुढची चाकं फूटपाथकडे पूर्ण वळवायची, हा बाबांचा नियम. त्याने गाडी घरंगळत नाही हे खरं, पण स्टिअरिंगवर असा ताण येतो की मी कुलपात अडकून बसते. मग मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. बाबा मात्र कधी चिडले नाहीत. डाव्या हाताने स्टिअरिंग किंचित हलवायचे, उजव्या हाताने मला जरा आत दाबून फिरवायचे आणि म्हणायचे, "चल गं बाई, पुरे झालं." मी अलगद सुटायची.

लेकीला त्यांनी गाडी शिकवली, चाकं वळवायला शिकवली. मला सोडवायला शिकवायचं तेवढं राहून गेलं. मी अडकले की ते म्हणायचे, "सरक, मी काढतो."

पुढे बाबांची नजर अधू झाली. कबूल करतील तर शपथ! "काच मळलीय," म्हणायचे. मला कुलपात घालताना त्यांचा हात चाचपडायचा, आजूबाजूला ओरखडे उठायचे. एकदा गाडी शेजाऱ्यांच्या फाटकाला घासली, तेव्हा लेकीने ती विकायचं ठरवलं. "तुम्हाला काही झालं तर मी काय करू, बाबा?" एवढंच ती म्हणाली. बाबांनी अबोला धरला. चार दिवस दोघं एकाच टेबलावर जेवत होते आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकून मी नुसते ताटांचे आवाज ऐकत होते. मला फार वाईट वाटायचं.

गाडी घ्यायला एक नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या. लेकीने त्यांना एक चक्कर मारून आणलं, शिस्तीत चाकं वळवून गाडी लावली, आणि मी अडकले. तिने ओढलं, तेल सोडलं, शेवटी पक्कड आणली. माझं तर धाबंच दणाणलं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "कुलूप फोडावं लागेल."

तिने वर गॅलरीकडे पाहिलं. बाबा तोंड फिरवून बसले होते.

"बाबा, मला जमत नाहीये. खाली येता का?"

बाबा कठडा धरून हळूहळू खाली आले. पण त्यांनी मला हात लावला नाही. लेकीचा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि म्हणाले, "ओढू नकोस. आधी चाकाचा ताण काढ. हां, असं. आता तिला जरा आत दाब आणि फिरव." मी सुटले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा, तिच्या हाताने.

मग बाबांनी मला मागून घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं. मला वाटलं, आता काही हे देत नाहीत. पण त्यांनी दिलं.

हल्ली मी नर्सबाईंच्या खिशात असते, कापसाच्या आणि औषधांच्या वासात. त्यांचा रस्ता सपाट आहे, त्यामुळे अडकायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या गाडीत माझी एखादी बहीण अडून बसली, तर कृपा करून तिच्यावर पक्कड चालवू नका. तिला जरा समजून घ्या.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंच. मला नर्सबाईंच्या हाती देऊन बाप-लेक घराकडे वळले. लेक नेहमीप्रमाणे दोन पावलं पुढे होती. बाबा पायरीपाशी थांबले.

"थांब गं," ते म्हणाले. "मला पायऱ्या दिसत नाहीत. हात दे."