कार्ब्युरेटरचा चावा

मिस्त्रींनी बायकोला शब्द दिला होता, की ती रिटायर होईल त्या दिवशी ते स्वतःची गाडी घेऊन हॉस्पिटलच्या फाटकाशी उभे राहतील. ती तिथे तेहतीस वर्षं नर्स होती आणि तेहतीस वर्षं बसनं जात-येत होती. त्याच बसगाड्यांच्या वर्कशॉपात इंजिनं दुरुस्त करण्यात मिस्त्रींची सगळी नोकरी गेली. घरची गाडी मात्र अकरा वर्षं शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी. आज बघू, उद्या बघू करता करता तिच्या रिटायरमेंटचा शुक्रवार बारा दिवसांवर आला, तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या.

इंजिन शाबूत होतं. झिजला होता तो कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग. जुन्या सामानाच्या बाजारातून मिस्त्रींनी दुसरा आणला, तोही दुप्पट मोठ्या इंजिनाचा, दोन तोंडांचा. एवढी वर्षं उभी राहिलेली गाडी आता जरा पळायला हवी, असं त्यांचं म्हणणं. पण त्याचं बूड मॅनिफोल्डवर बसेना. मॅनिफोल्ड म्हणजे ते मिश्रण चारही सिलिंडरना वाटून देणारा नळ्यांचा जुडगा. मग मिस्त्रींनी ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापून, तिला भोकं पाडून, ती दोघांच्या मध्ये घातली, नट आवळले आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, उगाच ओरडलं, मग धापा टाकू लागलं. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की गपकन बंद.

चार दिवस तेच चाललं. मिस्त्री जेवताना बोलेनासे झाले. बायकोनं त्यांना काही विचारलं नाही, धाकट्या बहिणीला फोन केला.

धाकटी दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता आणि भाऊजींची थट्टा करायची एकही संधी ती वाया घालवत नसे. रविवारी सकाळी ती शेडमध्ये येऊन एका उलट्या बादलीवर बसली आणि पेशंटला विचारावं तसं विचारू लागली. त्रास सकाळी होतो की गरम झाल्यावर? सारखा होतो की जोर दिला की? हे इंजिन आहे, दाढ नव्हे, असं मिस्त्रींनी तिला ऐकवलं, पण उत्तरं दिली. गाडी सुरू केल्यावर तिनं मान तिरकी करून कान लावला. पट्टीच्या आसपास बारीक फुसफुस ऐकू येत होती.

"वरचा आणि खालचा जबडा नीट मिटत नाहीये, भाऊजी."

तिनं पर्समधून एक चपटी डबी काढली. आत पातळ निळे कागद होते. नवा दात बसवला की ती पेशंटला हा कागद चावायला देई. जिथे दात जास्त टेकतो तिथेच दातावर निळा डाग उमटतो. मिस्त्रींनी कागद पट्टीखाली ठेवून नट आवळले आणि पुन्हा सोडवले. पट्टीवर निळे डाग फक्त समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत होते. बाकी सगळीकडे फट. पट्टी वाकडी होतीच, मॅनिफोल्डचं तोंडही वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं पिळलं होतं. मग तिनं दात तपासायची आकडी भोकात घालून कडेनं फिरवली. ती एका जागी अडकली. पट्टीचं भोक नखाएवढं सरकलेलं होतं, आणि आत जाणारं पेट्रोल त्यामुळे तयार झालेल्या पायरीवर आपटत होतं.

मिस्त्रींनी ती पट्टी हातात फिरवून बघितली.

"वर्कशॉपात मी प्रत्येक जोडाला निळा रंग लावून तपासायचो," ते म्हणाले. "घरचं काम, म्हणून नजरेनं मापलं."

"घरच्यांचे दात मीसुद्धा असेच बघते," ती म्हणाली. "ताईची दाढ किती महिने टाळतेय, तिलाच विचारा."

दुपारभर दोघं कामाला जुंपली. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून मिस्त्रींनी पट्टी घासली, मग मॅनिफोल्ड काढून त्याचं तोंडही. डॉक्टरनं दवाखान्यातलं छोटं ड्रिल आणलं आणि मास्क लावून ती पायरी अशी अलगद उतरवली, की मिस्त्री हातातलं काम सोडून बघत राहिले. जोडणी झाल्यावर इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं.

पण चक्कर मारायला निघाल्यावर पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर गाडी पुन्हा आचके देऊ लागली. दोघं खाली उतरली. मिस्त्री बॉनेट उघडून नुसतेच बघत होते. डॉक्टर जरा जपूनच म्हणाली, की लहान मुलाच्या दातांचं माप घेताना ती मोठ्या माणसाचा साचा वापरत नाही. तोंडात मावला तरी माप चुकतं.

मिस्त्रींना ते आधीपासून कळत होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं. एवढ्याशा इंजिनाची हवा एवढ्या रुंद तोंडातून इतकी आळशासारखी जात होती, की पेट्रोल ओढून घ्यायला तिच्यात दमच उरत नव्हता. मंगळवारी ते बाजारात गेले आणि दुकानदाराची कुजकी टिप्पणी निमूट ऐकून घेऊन मोठा कार्ब्युरेटर परत करून एका तोंडाचा लहानसा घेऊन आले. तो मॅनिफोल्डवर थेट बसला. मधल्या पट्टीची गरजच उरली नाही. रविवारी दुपारभर घासलेली पट्टी बाजूला ठेवताना मिस्त्रींना आधी वाईट वाटलं, मग हसू फुटलं. यावेळी जोडावर पूर्ण निळी कडी उमटली आणि कागदावर तिचा ठसा, कुठेही न तुटलेला. तो कागद दाखवायला ते भर दुपारी दवाखान्यात गेले आणि तोंड उघडून बसलेल्या पेशंटलाही दाखवून आले.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी ताई फाटकातून बाहेर आली ती अर्धा वॉर्ड मागे घेऊनच. हातात दोन पुष्पगुच्छ, गळ्यात एक हार, डोळे लाल. समोर उभ्या गाडीचं इंजिन संथ चालू होतं. मिस्त्रींनी खाली उतरून दार उघडलं. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं, पण म्हणाले एवढंच, "बस."

ती बसली. गुच्छ मागच्या सीटवर बसलेल्या बहिणीच्या मांडीवर गेले. चौकात मिस्त्री घराकडे वळायला लागले, तशी ताईनं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"घरी काय आहे? सरळ घ्या."

"कुठपर्यंत?"

"मी थांबा म्हणेन तिथपर्यंत."

मग तिनं मागे वळून बहिणीला दवाखान्यात फोन करायला सांगितलं, की संध्याकाळचे पेशंट उद्यावर ढकल. समोर चढ आला. मिस्त्रींनी गिअर बदलला आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि गाडी एकदाही न अडखळता वर चढत गेली.