सातव्या पानावरची पिन

मी एक जुनं कापडी पुस्तक आहे. पुस्तक म्हणायचं आपलं, माझ्यात छापलेलं एक अक्षरसुद्धा नाही, त्यामुळे तुमच्या शाळेच्या पुस्तकांसमोर मी जरा दबूनच असतो. पानं सात. कुठे चेन, कुठे बटण, कुठे नाडी. कोपरे चोखून चोखून काळे पडलेत. हल्ली माझा मुक्काम कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, लोकरीच्या कपड्यांच्या पिशवीखाली असतो. मित्रांनो, माझ्या हातून एक काम फार चांगलं झालं. सगळ्यांनी वाहवा केली. त्याच कामाची सल अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून आज बोलायला बसलोय.

माझा जन्म सोफ्याची कव्हरं शिवायच्या कारखान्यात झाला. लांबलचक खोली, चौदा मशीन आणि सगळीकडे कापसाची भुरभुर. खिडकीजवळच्या मशीनवर एक बाई बसायची. तिच्या मुलीला सगळे ठकू म्हणायचे, म्हणून ही ठकूची आई. ठकूच्या बाबांना दूरच्या देशात लिफ्ट दुरुस्तीचं काम लागलं होतं. तिथे त्यांची थोरली बहीण, म्हणजे ठकूची आत्या, आधीपासून राहत होती. तिघांनी परवाने मागितले आणि दोघांचेच आले. आईच्या एका कागदावर शिक्का मारायचा राहून गेला होता. बापलेकीचे परवाने ठरलेल्या तारखेच्या आत वापरले नाहीत, तर तेही बाद होणार होते. कचेरीतला कारकून म्हणाला, "सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे, बाई." बिचारीने सहा आठवडे मनात धरले.

विमानाचा प्रवास साडेतेरा तासांचा. ठकू जेमतेम दोन वर्षांची आणि आई सोबत नाही. तेवढ्यासाठी आईने मला शिवायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा खायचा आणि उरलेल्या वेळात मला शिवायचं. उशांच्या कव्हराच्या चेन, पडद्याच्या कड्या, टेबलाखाली पडलेले कापडाचे तुकडे, असा सगळा उष्ट्याखरकट्याचा संसार माझा! मुकादम दोनदा बाजूने गेला आणि दोन्ही वेळा त्याला काही दिसलं नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा न बोलता एक नवीकोरी पिवळी चेन ठेवून गेला.

शेजारच्या मशीनवरची बाई हसायची. "अगं, विमानात टीव्ही असतो समोर. कशाला डोळे फोडून घेतेस?"

"टीव्हीला चावते ती," आई म्हणाली.

आईचा हिशोब सरळ होता. साडेतेरा तास, एका पानाला दोन तास, म्हणून सात पानं. ज्याने लहान मूल जवळून बघितलंय त्याने एव्हाना कपाळावर हात मारला असेल. पण ती कव्हरं शिवणारी बाई. एका उशीला किती वेळ, एका गादीला किती, हे तिच्या बोटांत बसलेलं. तिने पोरीलाही त्याच मापाने मोजलं. घरातून कोणी तिला टोकलं नाही, कारण कोणाला तेवढं हसायला सुचतच नव्हतं.

दुसऱ्या पानावर तिने एक भलंमोठं लाल बटण लावलं. ते काजात घालताना ती म्हणायची, "शिरलं घरात, काढलं डोकं, टुक!" आणि टुक म्हणताना ठकूच्या नाकाला बोट लावायची. ठकू खिदळायची. सातव्या पानावर एक खिसा होता. त्यात आईचा फोटो, मांडीवर ठकू. कव्हरं गुंडाळायच्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घालून चारी बाजूंनी शिवलेला, म्हणजे लाळेने खराब व्हायला नको. "सगळी पानं संपली, कंटाळा आला, की शेवटी मी," असं ती टाका घालता घालता म्हणाली होती.

विमानतळावर तिने ठकूच्या फ्रॉकला सेफ्टी पिनेने रुमाल अडकवला. मग मला छातीशी धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "तिला रडू देऊ नकोस हं. मी नसेन तिथे." मित्रांनो, मला कापडाचं काळीज आहे, पण त्या वेळी ते धडधडलं. मी मनात म्हटलं, बाई, शब्द दिला.

"तू समोर राहू नकोस, पोरगी सोडायची नाही तुला," असं कोणीतरी तिला बजावलं होतं. म्हणून ती खांबाआड जाऊन उभी राहिली. बाबा ठकूला कडेवर घेऊन रांगेत निघाले. मी ठकूच्या हातात होतो आणि ती माझी पिवळी चेन खाली-वर करण्यात रमली होती. मला खांबाआडून आईची ओढणी दिसत होती. ठकूने एकदाही मान वर केली नाही. शब्दाला जागलो, या आनंदात मी होतो. गाढव कुठला!

विमान जमिनीवरून उठलं आणि पंचवीस मिनिटांत माझी सातच्या सात पानं खल्लास. सातवं तर तिने नीट बघितलंच नाही, तसंच मिटवून मला चावायला घेतलं. बाबांनी घड्याळ बघितलं आणि डोळे मिटले. मग पुन्हा पहिल्यापासून. चेन, बटण, कड्या, नाडी. हवाई सुंदरीने दोन चमचे आणून दिले, तेही झाले. कागदी पेल्याचे तुकडे झाले. पुढच्या सीटवरच्या काकांचं टक्कल वाजवून झालं. काका चांगले होते, त्यांनी दोनदा वाजवू दिलं.

पाचव्या तासाला ठकूने सातवं पान नीट बघितलं. खिशातून आईचा चेहरा वर आला होता.

"आई!" ती म्हणाली. आधी हसली. नखाने प्लॅस्टिक उकरलं. मग सीटखाली वाकून बघितलं, मागे बघितलं, बाबांच्या कोटाच्या आत बघितलं. "आई, ये!" आई कुठेच नाही म्हटल्यावर तिने जे भोकाड पसरलं, ते मी जन्मात विसरणार नाही. पाऊण तास. बाबा तिला घेऊन पुढून मागे, मागून पुढे फिरत होते. अख्खं विमान जागं झालं. "अहो, जरा बघा की! माणसांनी डोळा लावायचा की नाही?" असं कोणी म्हणालं. बाबांनी सगळ्यांची माफी मागितली. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

शेवटी ते आम्हा दोघांना घेऊन विमानाच्या त्या एवढ्याशा संडासात शिरले आणि कडी लावली. ठकूच्या फ्रॉकची पिन त्यांनी काढली, माझा सातव्या पानावरचा खिसा मिटवला आणि सहावं-सातवं पान एकत्र करून पिन टोचली. लिफ्टच्या जाड तारा ओढणारे हात ते, ती इवलीशी पिन त्यांच्या अंगठ्यात दोनदा घुसली. मग डोळे पुसून, आपल्या घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "शिरलं घरात, काढलं डोकं, टुक!"

ठकू हुंदका देता देता हसली.

उरलेले आठ तास मी एकट्याने काढले म्हटलं तरी चालेल. विमान उतरताना टकले काका कौतुकाने म्हणाले, "पुस्तक कुठून घेतलंत हो? सोनं आहे सोनं!" बाबा म्हणाले, "घरी शिवलंय." मी मात्र फुगलो होतो नुसता.

ती पिन आत्याच्या घरी पोचल्यावर काढायची होती. पण त्या दिवशी ठकू दमलेली होती. दुसऱ्या दिवशी तिला नवीन घर बघून रडू येत होतं. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली, मग कशाला उगीच? "काढू उद्या," बाबा म्हणायचे. उद्याचं परवा झालं.

तुम्ही म्हणाल, फोन होता की! होता ना. फोनमध्ये आई दिसली की ठकू फोन गालावर घासायची, त्याच्या मागे जाऊन आईला शोधायची, आणि फोन बंद झाला की संध्याकाळपर्यंत घास घ्यायची नाही. चार-पाच वेळा असं झाल्यावर आईच म्हणाली, "नका रडवू तिला. दुपारी झोपली की मला लावा. मी नुसती बघते."

तेव्हापासून रोज दुपारी तेच. आत्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पहाटपाळीला जायची, दुपारी घरी यायची. फोन धरून तिचा हात दुखायचा, म्हणून ती मला उशाशी उभं करून फोन माझ्यावर टेकवायची. आई बघत राहायची. कधी म्हणायची, "केस वाढले गं तिचे." कधी म्हणायची, "जरा पाय दाखवा ना." माझ्या पाठीला जिवंत आई आणि माझ्या पोटात पिनेखाली फोटोतली आई. ठकू मात्र झोपलेली. मला ओरडून तिला उठवावंसं वाटायचं, पण मला तोंड आहे कुठे?

सहा आठवड्यांचे सहा महिने झाले. शिक्का मिळाला तर दुसरा कागद जुना झाला. बाबा मध्येच परत गेले असते तर त्यांचा परवाना गेला असता. वर्ष गेलं, दुसरं गेलं. बाबांच्या फोनवर आईचा जुना फोटो होता, त्याला ठकू 'फोनमधली आई' म्हणायची. ती पाळणाघरात जाऊ लागली. तिथे सगळ्यांना न्यायला आई यायची, हिला न्यायला आत्या. एक दिवस ठकूने आत्याला आई म्हणून हाक मारली. "आत्या म्हण गं, आत्या," आत्या घाईने म्हणाली. पुढचे कित्येक दिवस ती असंच म्हणत होती. मग एकदा ठकू जिन्यात पडली, गुडघा फुटला, "आई गं" म्हणत आत्याला बिलगली, आणि त्या दिवशी आत्याने तिला दुरुस्त केलं नाही. नुसती घट्ट धरून बसली. आत्याचा तरी काय दोष?

दोन वर्षं आणि आठ महिन्यांनी आई आली. बाबा तिला आणायला गेले होते. ती दारात उभी राहिली तेव्हा मीही पटकन ओळखलं नाही. केस विरळ झाले होते, गाल बसले होते. ती चपलासुद्धा न काढता ठकूकडे बघत राहिली. "ठकू," बाबा म्हणाले, "बघ कोण आलंय." आता ठकू शहाणी मुलगी. घरी पाहुणे आले की काय करायचं, हे आत्याने तिला शिकवलं होतं. ती आत गेली, दोन्ही हातांत पेला धरून, न सांडता बाहेर आली आणि म्हणाली, "काकू, पाणी."

आईने पेला घेतला. सगळं पाणी प्यायली. पेला परत देताना "गोड आहे हं पाणी" असं म्हणाली. आत्या आत स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिने नळ सोडला.

थोड्या वेळाने आईची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचललं, पानं उलटली आणि सहाव्या पानापाशी तिचं बोट अडलं. पिन गंजली होती. तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली. पिन निघेना, तेव्हा तिने ती दाताने ओढून काढली. खिशावर गंजाचे दोन डाग होते. फोटो मात्र कोरा करकरीत.

ठकू कुतूहलाने जवळ आली. "ही माझी आई आहे. फोनमधली," ती म्हणाली. मग वर बघून विचारलं, "तुम्ही ओळखता तिला?"

"हो," आई म्हणाली. "थोडी थोडी."

"तुम्हाला हे बटण लावता येतं?"

बटण जिने लावलं, ती बाई म्हणाली, "नाही गं. तू शिकव ना."

ठकू तिच्या शेजारी बसली. मोठ्या बाईच्या थाटात तिचा हात धरून, घोगरा आवाज काढून म्हणाली, "शिरलं घरात, काढलं डोकं, टुक!" आणि तिने आईच्या नाकाला बोट लावलं. आई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले. ठकू घाबरली, धावत आत्याकडे गेली.

मित्रांनो, या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. ठकू आईला आई म्हणते, तिचा हात धरून शाळेत जाते. पण ताप आला की अजून तिच्या तोंडून आत्याचीच हाक येते. तेव्हा आई पलंगावरून उठते आणि आत्याला बसायला जागा करून देते. कपाटाचं दार किलकिलं असलं की वरच्या फळीवरून, पिशवीखालून मला ते दिसतं.

माझी पानं फाडू नका, चेन ओढू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं होतं. ते सोडा, चेन नवी बसवता येते. माझी विनंती एवढीच आहे. घरातलं कोणी दूर गेलं असेल आणि त्याच्या आठवणीने तुमच्या धाकट्या भावंडाला रडू येत असेल, तर त्याला घाईघाईने गप्प करू नका. त्याला फोटो दाखवा, नाव घेऊ द्या, हवं तर तुम्हीही शेजारी बसून रडा. त्या दिवशी विमानात ठकू आणखी तासभर रडली असती. लोक चिडले असते, बाबा दमले असते, मला कोणी सोनं म्हटलं नसतं. चाललं असतं मला.

ती पिन आईने फेकली नाही. तिच्या शिवणाच्या डब्यात आहे.